उमरेड, भिवापूर आणि सदतीस खुणा : वाय गुणसूत्राच्या वंशचाचणीचे परीक्षण

आमच्या आडनावाची दोन घरे आहेत, एक उमरेडला आणि दुसरे भिवापूरला. या दोन घरांनी एकमेकांचे सुतक धरायचे की नाही, हा प्रश्न माझ्या आजोबांच्या काळापासून सुटलेला नव्हता. उमरेडचे, म्हणजे आमचे घर, दोघेही एकाच भावकीतले असे म्हणत आले; भिवापूरचे घर मात्र असे सांगत आले की माझे पणजोबा हे खापरपणजोबांनी सासुरवाडीकडून दत्तक आणलेले मूल होते आणि म्हणून आडनाव एक असले तरी वंश एक नाही. कुर्सीनाम्यात, म्हणजे घराण्याच्या वंशावळीत, पणजोबांच्या नावापुढे कोणताही शेरा नाही आणि दत्तकपत्र कुणाच्या पाहण्यात आलेले नाही. गेल्या वर्षी भिवापूरच्या एक वृद्ध काकू वारल्या, तेव्हा दहा दिवस देवपूजा बंद ठेवायची की नाही यावरून माझ्या दोन चुलतभावांत अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यानंतर मी वाय गुणसूत्राची वंशचाचणी करून घेण्याचे ठरवले. नागपुरात राहून ही चाचणी कशी होते, तिच्यातून नेमके काय कळते आणि तिच्यासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या आरोग्य-अहवालाचे काय करावे, हे इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी मला दिसल्या त्या कोणत्याही कंपनीच्या अहवालात तपासून पाहाव्यात अशाच आहेत.

मी तेहतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे चाचणीमागचे तत्त्व मला नवे नव्हते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आणि त्याच्या लांबीच्या सुमारे ९५ टक्के भागाची एक्स गुणसूत्राशी देवाणघेवाण होत नाही. केवळ दोन्ही टोकांचे छोटे तुकडे तेवढे अदलाबदल करतात. म्हणून पणजोबांचा वाय जवळपास जसाच्या तसा आजोबांकडे, आजोबांचा काकांकडे येतो, आणि वाटेत कुठेतरी एखादी किरकोळ चूक नक्कल करताना होते तेवढाच फरक पडतो. स्त्री असल्यामुळे माझ्याजवळ हे गुणसूत्र नाही आणि वडील हयात नाहीत. त्यामुळे उमरेडकडून ७८ वर्षांच्या सख्ख्या काकांनी, आणि भिवापूरकडून माझ्याच पिढीतल्या दादांनी नमुना द्यावा असे ठरले. दादांना विचारताना मी आधीच स्पष्ट सांगितले होते की उत्तर कसेही येवो, ते दोन्ही घरांना कळेल. त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग होकार दिला.

सेवेचा भाग थोडक्यात सांगते, कारण तेथे तक्रारीला फारशी जागा नाही. संच मागवल्यापासून सहाव्या दिवशी घरपोच आला. त्यात कापसाच्या बोंड्याचे चार स्वॅब, दोन लिफाफे आणि संमतीपत्र होते. गालाच्या आतल्या बाजूने स्वॅब मिनिटभर फिरवायचा, वाळू द्यायचा आणि लिफाफ्यात घालायचा; रक्त द्यावे लागत नाही. त्याआधी तासभर काही खायचे-प्यायचे नाही. काकांनी कवळी काढून, चूळ भरून, अत्यंत गांभीर्याने दोन्ही गाल घासून दिले. दादांना खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, सवय आहे आणि त्यांचा पहिला नमुना पुरेसा डीएनए न मिळाल्यामुळे परत आला. कंपनीने दुसरा संच विनामूल्य पाठवला आणि या वेळी त्यांनी सकाळी उठल्याबरोबर, खर्ऱ्याची पुडी उघडण्याआधी, नमुना दिला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कुरियरमध्ये नमुना खराब होईल अशी मला धास्ती होती, पण वाळलेला स्वॅब उष्णता बऱ्यापैकी सोसतो आणि तसेच झाले. धंतोलीतल्या संकलन केंद्रावरची मुलगी मराठीत नीट समजावून सांगत होती. संमतीपत्र मात्र फक्त इंग्रजीत होते, नऊ पानांचे, आणि काकांसारख्या माणसाची सही त्यावर घेणे मला योग्य वाटले नाही. मी एक संध्याकाळ खर्च करून ते त्यांना ओळीओळीने मराठीत सांगितले. महाराष्ट्रात सेवा विकणाऱ्याने हे काम ग्राहकाच्या पुतणीवर सोडू नये.

अहवाल सात आठवड्यांनी आला. त्यातले चौथे पान हेच या साऱ्या खर्चाचे सार आहे. त्यावर दोन स्तंभ होते, एक काकांचा, एक दादांचा, आणि खाली सदतीस खुणांचे आकडे. या खुणा म्हणजे वाय गुणसूत्रावरील अशा जागा, जिथे चार-पाच अक्षरांचा तोच तो तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हा आकडा नोंदवला जातो. मी पेन्सिल घेऊन वरून खाली एकेक आकडा जुळवत गेले. डीवायएस ३९३ (प्रत्येक खुणेला असे नाव असते), जुळले. डीवायएस ३९०, जुळले. असे करत डीवायएस ४५८ पाशी आले, तेथे काकांचे १७ आणि दादांचे १८. त्यापुढे शेवटपर्यंत पुन्हा सगळे सारखे. सदतीसपैकी छत्तीस.

याचा अर्थ काय, हे अहवालात जितके स्पष्ट लिहायला हवे होते तितके लिहिलेले नव्हते. दर पिढीला एका खुणेत बदल होण्याची शक्यता सरासरी हजारात दोन ते चार इतकी असते. आमच्या घरच्या हिशोबाने दोन्ही घरांचा सामाईक पुरुष म्हणजे खापरपणजोबांचे वडील. त्यांच्यापासून काकांपर्यंत चार टप्पे आणि दादांपर्यंत पाच, मिळून नऊ. नऊ टप्पे आणि सदतीस खुणा म्हणजे बदल होण्याच्या ३३३ संधी. त्यांत साधारण एक बदल व्हावा, आणि एकच झालेला आहे. शिवाय डीवायएस ४५८ ही झपाट्याने बदलणाऱ्या खुणांपैकी एक आहे, त्यामुळे बदल तेथेच व्हावा यातही नवल नाही. पणजोबा खरोखरच सासुरवाडीकडून, म्हणजे वेगळ्या कुळातून आले असते, तर दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक खुणा वेगळ्या निघण्याचीच शक्यता मोठी होती. भिवापूरच्या घरची गोष्ट या पानासमोर टिकत नाही.

तरीही अहवालात छापलेले एक वाक्य मला खटकले: ‘तुमचा सामाईक पूर्वज सहा पिढ्यांपूर्वी होऊन गेला.’ असा एकच ठाम आकडा या चाचणीतून निघत नाही. छत्तीस जुळण्यांवरून पूर्वज तीन पिढ्यांपूर्वीचाही असू शकतो आणि दहा पिढ्यांपूर्वीचाही. शक्यतांचा पट्टा छापायला हवा होता. आणि दुसरी गोष्ट अहवालाने मुळीच सांगितली नाही, ती म्हणजे दत्तकाचा प्रश्न यातून पूर्णपणे मिटलेला नाही. खापरपणजोबांनी आपल्या सख्ख्या भावाचा मुलगा मांडीवर घेतला असेल, तर त्याचाही वाय तोच. औरस मुलगा आणि दत्तक पुतण्या यांच्यात वाय गुणसूत्र भेद करू शकत नाही. अमेरिकेत १९९८ साली हाच पेच प्रसिद्ध झाला होता. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या चुलत्याच्या वंशजांचा वाय, त्यांच्या ताब्यातील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज यांच्या एका मुलाच्या वंशजाशी जुळला. पण बाप जेफरसनच की त्यांचा भाऊ वा पुतण्या, हे ठरवायला इतिहासकारांना कागदपत्रांकडेच वळावे लागले. आपल्याकडे भावकीतून दत्तक घेण्याची चाल जुनी असल्यामुळे हा इशारा भारतीय अहवालात पहिल्याच पानावर असायला हवा.

उलट उदाहरण पाहायचे तर ते नागपूरच्याच गादीचे आहे. १८१८ मध्ये अप्पासाहेबांना दूर केल्यावर दुसऱ्या रघूजींच्या मुलीच्या मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवण्यात आले आणि तो तिसरा रघूजी झाला. आडनाव, गादी, मोर्तब सगळे भोसल्यांचे राहिले, पण वायची ओळ तेथे बदलली. घराण्याचा वारसा आणि गुणसूत्राचा वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या धर्मशास्त्राने पहिल्याला मान दिलेला आहे. भिवापूरच्या दादांना मी हे आधीच सांगितले होते: पणजोबा परक्या कुळातले निघाले असते तरी विधिपूर्वक दत्तक गेलेला मुलगा त्याच घराचा असतो, आणि सुतक त्याच घराचे लागते.

अहवालातला पुढचा भाग वाचून मात्र मला मनापासून वाईट वाटले. जगभरच्या पुरुषांच्या वायचा मिळून एक वंशवृक्ष मांडला जातो; काकांचा वाय त्यातल्या ‘एच’ या मोठ्या शाखेतील एम-८२ या उपशाखेत मोडतो. ही शाखा भारतभर, असंख्य जाती-जमातींत आढळते. इतकेच नव्हे, तर युरोपातील रोमा लोकांमध्येही हीच उपशाखा मोठ्या प्रमाणात सापडते, आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले याचा तो एक भक्कम पुरावा मानला जातो. उमरेडच्या एका शेतकऱ्याचा आणि बाल्कन प्रदेशातल्या एखाद्या रोमा वादकाचा अतिप्राचीन पुरुष एकच असावा, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे! अहवालात तिचा उल्लेखही नाही. त्याऐवजी एक तक्ता आहे, ज्यात प्रत्येक शाखेपुढे ‘पारंपरिक भूमिका’ असा रकाना करून कुणाला पुरोहित, कुणाला योद्धा आणि कुणाला श्रमिक ठरवले आहे. माझ्या पुतण्याने तो तक्ता पाहून विचारले, “आत्या, मग आपण लढवय्ये नव्हतो का?” त्याचा उतरलेला चेहरा मी विसरणार नाही.

या तक्त्याला शास्त्राचा आधार नाही. ज्या ‘आर-वन-ए’ शाखेपुढे पुरोहित आणि योद्धा असे लिहिले आहे, ती शाखा तेलुगू मुलखातील चेंचू या आदिवासी जमातीतही लक्षणीय प्रमाणात आढळलेली आहे. या शाखा हजारो वर्षे जुन्या आहेत, जातींच्या आजच्या भिंती त्यांच्या कितीतरी नंतरच्या. शिवाय वाय ही एकच ओळ आहे. पाच पिढ्या मागे गेले की माझे ३२ पूर्वज होतात आणि त्यांतल्या एकाच पुरुषाचा वाय काकांपर्यंत पोचतो. उरलेल्या ३१ जणांबद्दल, त्यांत रामटेकच्या माझ्या आजीचे सगळे माहेर आले, या चाचणीला काहीही सांगता येत नाही. एवढ्या अरुंद झरोक्यातून पाहून कुणाची भूमिका ठरवणे अन्यायाचे आहे. विदर्भातल्या ग्राहकाला द्यायचीच असेल तर वायच्या संशोधनातली खरी माहिती देण्यासारखी पुष्कळ आहे. मेळघाटातले कोरकू ज्या मुंडा कुळातील भाषा बोलतात, त्या कुळातील समाजांमध्ये ‘ओ’ शाखेची एम-९५ ही उपशाखा फार मोठ्या प्रमाणात आढळते. ती आग्नेय आशियाशी नाते सांगते, तर त्यांच्या आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या ओळी बहुतांशी इथल्याच आहेत. म्हणजे बाहेरून प्रामुख्याने पुरुष आले आणि इथल्या स्त्रियांशी त्यांनी घरे मांडली, इतका स्पष्ट इतिहास या दोन ओळी शेजारी ठेवल्या की दिसतो.

आता आरोग्य-पुरवणी. ती मी मागितली नव्हती. ‘संयुक्त सवलती’त ती आपोआप येत होती. तिच्या दुसऱ्या पानावर लाल चौकटीत ‘हृदयविकार : पितृवंशीय धोका वाढीव’ असे होते. काकांना चष्मा लावून हे वाचताना मी पाहत होते. पान खाली ठेवून ते म्हणाले, “काहून घाबरवून राह्यले हे लोक मले?” त्यानंतर चार रात्री त्यांना नीट झोप लागली नाही आणि शेवटी मी त्यांना रामदासपेठेतल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहिला आणि कागद बाजूला ठेवायला सांगितला.

त्या लाल चौकटीचे मूळ कुठे आहे याचा मला अंदाज होता. २०१२ मध्ये ब्रिटिश पुरुषांवरील एका अभ्यासात ‘आय’ या शाखेच्या पुरुषांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळला होता. ‘आय’ ही मुख्यतः युरोपातली शाखा. काकांची शाखा ‘एच’. पुढे यूके बायोबँक या ब्रिटनमधील आरोग्य-माहितीच्या मोठ्या संग्रहातील फार मोठ्या संख्येच्या पुरुषांवर तपासले तेव्हा वायच्या शाखेचा असा ठळक परिणाम दिसला नाही. एका शाखेवरचा, पुढे डळमळीत झालेला निष्कर्ष दुसऱ्याच शाखेच्या ७८ वर्षांच्या माणसासमोर लाल रंगात ठेवणे, याला मी गंभीर चूक म्हणते.

वाय गुणसूत्राचा आरोग्याशी संबंध नाही असे मुळीच नाही. उलट तो विषय आज अतिशय जिवंत आहे. वय वाढते तसे पुरुषाच्या रक्तातील काही पेशींमधून वाय गुणसूत्रच गळून पडते. यूके बायोबँकेच्या २०१९ च्या अभ्यासात दोन लाखांहून अधिक पुरुषांपैकी सुमारे २० टक्क्यांच्या रक्तात ही गळती आढळली, आणि सत्तरीच्या पुरुषांत तर ती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत होती. धूम्रपान करणाऱ्यांत ती अधिक असते. ही केवळ म्हातारपणाची खूण आहे की स्वतः काही अपाय करते, हा वाद बराच काळ होता. २०२२ मध्ये संशोधकांनी उंदरांच्या अस्थिमज्जेतील पेशींमधून वाय काढून टाकला, तेव्हा त्या उंदरांच्या हृदयात तंतुमय ऊती वाढून हृदय अशक्त झाल्याचे दिसले. २०२३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगात वाय गमावलेल्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवतात असे आढळले. पण ही गळती मोजावी लागते ती प्रामुख्याने रक्तात आणि वेगळ्या तंत्राने. गालाच्या स्वॅबवरील सदतीस खुणांतून ती कळत नाही. काकांनी तरुणपणी विडी ओढली आणि पन्नाशीत सोडली, हे त्यांच्या हृदयासाठी कुठल्याही शाखेपेक्षा मोलाचे आहे, आणि डॉक्टरांनीही त्यांना तेच सांगितले.

पुरवणीतले दुसरे वाक्य दादांच्या अहवालात होते: ‘प्रजननाशी निगडित खुणा सामान्य.’ हे वाक्य वरकरणी निरुपद्रवी वाटते, पण त्याने एखाद्या तरुण जोडप्याची फसगत होऊ शकते. वायच्या लांब भुजेवर एझेडएफ नावाचे प्रदेश आहेत, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’. त्यांतला तुकडा गळालेला असेल तर शुक्राणू फार कमी तयार होतात किंवा होतच नाहीत. वीर्यात शुक्राणू नसतील किंवा अगदी कमी असतील, तर डॉक्टर रक्तावर याची स्वतंत्र चाचणी सांगतात. कोणता प्रदेश गळाला आहे यावर पुढचा सल्ला ठरतो: ‘सी’ गळालेला असेल तर पुष्कळदा शुक्राणू मिळू शकतात, पूर्ण ‘ए’ किंवा ‘बी’ गळालेला असेल तर आशा जवळपास नसते. आणि कृत्रिम उपायाने मुलगा झाला, तर तोच दोष त्याच्याकडे जातो. सदतीस खुणांच्या जोरावर यांतले काहीही ‘सामान्य’ ठरवता येत नाही.

गंमत म्हणून नव्हे, तर पूर्वसूचना म्हणून आणखी एक सांगते. या सदतीसांतली डीवायएस ४६४ ही खूण नेमकी एझेडएफ-सी प्रदेशात बसते. ती अहवालात कोरी आली, तर त्याचा अर्थ तो प्रदेश गळालेला असण्याची शक्यता आहे. म्हणजे केवळ वंशावळीच्या हौसेपोटी चाचणी करणाऱ्या अविवाहित मुलाला, नातेवाइकांसोबत वाचायच्या कागदावर, आपल्या वंध्यत्वाची बातमी मिळू शकते. संशोधकांनी याबद्दल २००५ मध्येच लिहून ठेवले आहे. नऊ पानांच्या संमतीपत्रात याबद्दल एक ओळही नव्हती. तरुण मुलाचा नमुना देणाऱ्या पालकांनी ही गोष्ट त्याला आधी एकट्याला सांगावी.

माहितीच्या सुरक्षिततेबाबत मी अहवाल मिळाल्यावर महिनाभराने दोन्ही नमुने नष्ट करून नोंदी पुसण्याची मागणी केली. अमेरिकेतील ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या डीएनएचा मालक उद्या कोण होणार हा प्रश्न साऱ्या जगाला पडला होता. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसण्याची मागणी करण्याचा हक्क दिलेला आहे. कंपनीने तीन ईमेलनंतर लेखी कळवले की नोंदी पुसल्या. वाय एका माणसाचा नसतो, त्याच्या सगळ्या भावकीचा असतो. म्हणून मी हे दोन्ही घरांच्या वतीने केले.

दोन नमुन्यांचे, पुरवणीसह, १९,७०० रुपये झाले. ज्यांच्यासमोर आमच्यासारखा नेमका प्रश्न आहे, दोन घरे, दोन हयात पुरुष आणि एक जुना वाद, त्यांनी ही चाचणी अवश्य करावी. त्या एका प्रश्नापुरती ती भरवशाची आहे. जात किंवा कुळाचा मोठेपणा शोधण्यासाठी करू नये, आणि प्रकृतीसाठी तर नाहीच. पुरवणी नको असे मागणीपत्रावर लेखी नोंदवावे, कारण दूरध्वनीवर सांगून ती कमी होत नाही.

आषाढात उमरेडला काकांच्या घरी दोन्ही घरे जमली. भिवापूरच्या दादांनी येताना पाच किलो मिरची आणली होती. काकांनी कुर्सीनाम्याचे बासन सोडले, चौथे पान त्यात घातले आणि पणजोबांच्या नावापुढची जागा कोरीच राहू दिली. आर्वीला आमच्याच आडनावाचे तिसरे घर आहे, त्यांचा निरोप आला आहे; त्यांच्यासाठी मी फक्त सदतीस खुणांचा संच मागवला आहे.